खळ

दादरच्या पिठाची खळ करताना
पीठ आधी गार पाण्यात कालवायचं,
आधण आलं की धार धरायची, ढवळता हात थांबवायचा नाही,
आणि शेवटी चिमूटभर मोरचूद,
नाहीतर कसर लागते.
हे मला एलिया वसावे पाळकांनी शिकवलं,
भुसावळला, सत्तेचाळीसच्या ऑगस्टात,
बासष्ट प्रार्थनापुस्तकं आमच्यापुढे उघडी पडलेली असताना.

वरून पाकीट आलं होतं. आत छापील पट्ट्या,
नखाएवढ्या. प्रत्येकीवर एकच शब्द: शासना.
'आमच्या राजासाठी' यातल्या राजावर ती बसवायची,
'साठी' तसंच ठेवायचं.
रविवारच्या आत.

पुढच्या बाकावरची पितळी पाटी
फोरमन लॉरीसाहेब काढून घेऊन गेले होते,
चार स्क्रूंची भोकं मागे ठेवून.
त्यांचा पियानो कुणी घेईना. कोंबड्या लगेच खपल्या.
दारात कंदिलाची काच पुसत तबीथाबाई म्हणाल्या,
"राजा गया ते जाऊ दे. पगार कोन दी?"

पाळकांचा आजा धरणगावच्या भिल्ल पलटणीत होता.
आधी कंपनीची शपथ, मग राणीची.
कोट फाटला; बटणं आजीने पोतीत ओवली.
"बटणं चांगली होती," एवढंच ते म्हणाले,
आणि पट्टी अंगठ्याने दाबता दाबता
एका नगराचं सांगू लागले,
जे पडणं शक्य नाही असं
जुन्या देवळांना वाटायचं, आणि हळूहळू चर्चलाही.

ते पडलं. तीन दिवस लूट चालली.
माणसं समुद्र ओलांडून पलीकडे आली,
अस्तरात अंगठ्या शिवून,
आणि तिथल्या म्हाताऱ्या बिशपला म्हणाली:
जुने देव होते तोवर असं झालं नव्हतं.
दुसरी म्हणाली: आपला देव होता, तरी झालं.
म्हातारा उत्तर लिहायला बसला.
तेरा वर्षं लिहीत होता.

"काय लिहिलं?"

"हेच, की एका गावात दोन गावं असतात.
विहीर एकच, जकातनाका एकच, भोंगा एकच.
कुणाचा जीव कशात अडकलाय, तेवढाच फरक.
आणि तो वरून दिसत नाही.
मला माझाही धड दिसत नाही."

मग आपण कुठल्या गावचे, मी विचारलं.
तेवढ्यात लोकोशेडचा भोंगा झाला, पाळी बदलली,
त्यात त्यांचं उत्तर गेलं.
किंवा दिलंच नसेल.
पुढचं ऐकू आलं ते: घट्ट होतेय रे, हलव.

रविवारी काहीजण सवयीने राजा म्हणाले,
काहीजण बोट ठेवून शासना,
तबीथाबाई काहीच नाही.
त्या गलक्यातून बाहेर पडून
'साठी' मात्र सगळ्यांनी एकदम म्हटलं.

शेवटच्या टोपात मोरचूद घालायला मी विसरलो होतो.
कुणाला सांगितलं नाही.

परवा रहिवासी दाखल्यासाठी
बाप्तिस्म्याची नोंद लागणार होती, म्हणून गेलो.
क्लार्क वही शोधेपर्यंत कपाट उघडलं.
एक पुस्तक हाताला लागलं, त्या टोपातलंच असावं.
कसरीने पट्टी खाल्ली होती,
मग खालचा राजा,
आणि त्या भोकातून मागच्या पानावरचं
कुठल्याशा शब्दाचं शेपूट दिसत होतं:
आमच्या वासी साठी.
प्रवासी की रहिवासी?
पान उलटलं असतं तर कळलं असतं.

"काका, सापडलं," क्लार्क म्हणाला.
बापाचं नाव बरोबर. धंदा: सांधेवाला.
गाव या रकान्यात पाळकांच्या तिरक्या अक्षरात
भुसावळ, सध्या.

त्याने चष्मा कपाळावर चढवला.
"दाखल्यावर हे 'सध्या' चालत नाही," म्हणाला.
"गाळू का?"